रणथंभोर: वाघ सोडून

सफारीबद्दल एवढंच सांगतो: कँटरमध्ये, म्हणजे सफारीच्या उघड्या बसमध्ये, हाडं खिळखिळी झाली, धूळ पोटभर खाल्ली, वाघ दिसला नाही. बाकीच्यांनी पुन्हा पैसे मोजले. मी सरळ किल्ला गाठला.

नौलखा दरवाजातून चढणारी सगळी गर्दी त्रिनेत्र गणेशाची. लग्नाची पहिली पत्रिका या गणपतीला पाठवायची पद्धत आहे. वाटेतली वानरं हातातला प्रसाद हक्काने ओढून घेतात. आमच्या वाटाड्याला एकूण एक वाघिणीचं नाव पाठ, नुसरत खानाचं विचारल्यावर म्हणाला, "साहब, वो तो बहुत पुराना होगा."

पुराना म्हणजे १३०१. अलाउद्दीन खिलजीचा हा सरदार तटाच्या उंचीला भिडणारा भराव खालून रचून घेत होता. गडाचा राजा हम्मीरदेव याच्या माणसांनी वरून मंजनीकाने, म्हणजे दगडफेकीच्या यंत्राने, भिरकावलेला दगड त्याला बसला आणि दोन-तीन दिवसांत तो गेला. फौज मागे हटली. शेवटी खुद्द सुलतानाला दिल्लीहून यावं लागलं.

तटावरून खाली पाहिलं आणि डोक्यात ते यंत्र फिरायला लागलं. उंच चौकटीवर आडवा आस, त्यावर लांबलचक तुळई. आखूड टोकाला वजनाची पेटी, किंवा दोर धरून एकदम हिसडा देणारी माणसं. लांब टोकाला चक्क आपली पाखरं हाकायची गोफण! तुळई उसळली की गोफणीचा एक पदर आकड्यावरून निसटतो. लवकर निसटला तर दगड नुसता आभाळाकडे, उशिरा निसटला तर स्वतःच्याच पुढ्यात. सगळी मेख त्या आकड्याच्या वाकात.

मला खरी टोचते ती १२९६ ची गोष्ट. त्या वर्षी देवगिरी लुटून हाच अलाउद्दीन तख्त बळकवायला दिल्लीकडे निघाला. त्या काळाचा इतिहासकार बरनी लिहितो, वाटेत दर मुक्कामाला पाच मण सोन्याच्या चांदण्या छोट्या मंजनीकाने गर्दीवर उधळल्या जात. रामदेवरायाचं सोनं, आणि वाटप असं! निवडणुकीतली पाकिटं त्यापुढे फारच भिकार.

रणथंभोरला मात्र दगडांपेक्षा भूक आणि फितुरीच जास्त लागू पडली. अमीर खुसरो सांगतो, आत तांदळाच्या एका दाण्याला सोन्याचे दोन दाणे मोजावे लागत. जुलैत गड पडला.