गाडी उचलून घे, म्हणाले बाबा

पाचपाखाडीच्या आमच्या सोसायटीत नवी गाडी आली की पेढ्यांनंतरचा पुढचा खर्च ठरलेला असतो: गाडी जरा उंच व्हावी म्हणून स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर बसवणं. गेटवरचा ब्रेकर असा आहे की चार माणसं बसलेली छोटी गाडी त्यावर खर्रकन घासतेच. वर घोडबंदर रोडचे खड्डे आणि जुलैत वंदना टॉकीजपाशी साचणारं पाणी. त्यामुळे गाडीच्या कुठल्याही दुखण्यावर ठाणेकराच्या डोक्यात औषध एकच: उचला.

मॉन्ट्रियलमधल्या पहिल्या हिवाळ्यात मीही हेच औषध शोधत होतो.

गाडी सेकंडहँड. आपल्याकडे जॅझ म्हणून विकली जायची तीच, इथे तिचं नाव फिट. डिसेंबरमधल्या एका रात्री वीतभर बर्फ पडला. पहाटे नांगरगाडी येऊन रस्ता साफ करून गेली आणि जाताना आमच्या पार्किंगच्या तोंडावर गुडघ्याएवढा बांध घालून गेली. मला ऑफिसला उशीर होत होता. म्हटलं, जरा वेगात घातली की पार होईल. अर्धी पार झालीही. मग थांबली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पिवळा दिवा लुकलुकायचा, इंजिन आपोआप दबायचं आणि गाडी तसूभरही हलायची नाही.

समोरच्या घरातले सत्तरीचे आजोबा फावडं घेऊन बाहेर आले. त्यांना इंग्रजी बेताचं, मला फ्रेंच शून्य. मी चाकांपुढचा बर्फ उपसत होतो. त्यांनी मला खांद्याला धरून खाली वाकवलं आणि गाडीखाली बोट दाखवलं. सगळी गाडी पोटावर बसली होती! तलावपाळीवरचा गोळेवाला किसलेला बर्फ मुठीत दाबून काडीभोवती कसा घट्ट करतो, तसा तो भुसभुशीत बर्फ हजार किलोच्या गाडीखाली दाबून दगड झाला होता. गाडीचं वजन त्या दगडावर. चाकांवर वजनच नाही तर ती रस्ता पकडणार कशाने? माझ्याकडे फावडं नव्हतं. आईने बॅगेत कोंबलेल्या स्टीलच्या कलथ्याने मी पालथा पडून पोटाखालचा बर्फ खरवडला. पाऊण तास गेला. इंजिनखालचं प्लॅस्टिकचं कव्हर फाटून लोंबत होतं, ते दोरीने बांधलं. (कलथा वाकला. आईला अजून सांगितलेलं नाही.)

रात्री बाबांचा फोन. ऐकल्या ऐकल्या म्हणाले, "अरे, गाडी उचलून घे. आणि डिकीत वाळूची दोन पोती टाक."

वाळूचा सल्ला त्यांच्या पद्मिनीच्या काळातला. पद्मिनीची मागची चाकं गाडी ढकलायची, त्यामुळे ओल्या चढावर मागे वजन असलं की ती चढायची. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि इंजिनचं वजन आधीच तिथे आहे. डिकीत पोती टाकली की गाडीचं ढुंगण खाली बसतं, नाक उचललं जातं आणि जी चाकं ओढणार त्यांच्यावरचंच वजन कमी होतं. हे मी समजावलं तेव्हा बाबा दोन क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बरं, मग उचलून तरी घे."

मी खरंच गॅरेजमध्ये विचारायला गेलो. तिथला मेकॅनिक अल्जीरियाचा, म्हणजे बर्फाच्या बाबतीत माझ्यासारखाच बाहेरून आलेला. त्याने बफरकडे बघितलंही नाही. टायरवर अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. गाडीबरोबर आलेले टायर कायद्याला धरून होते. क्यूबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असा शिक्का त्यावर असतो. शिक्का होता, पण नक्षी जवळजवळ गोटा झाली होती.

तेव्हा कळलं की माझी दुखणी दोन होती आणि मी एकाचंच औषध शोधत होतो. उंची कमी, हे एक. पकड नाही, हे दुसरं. गाडी फूटभर उचलली तरी गुळगुळीत टायर बर्फावर घसरणारच.

साधं रबर 7 अंशांच्या खाली ताठ व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला चावतात. खाचांमध्ये बर्फ भरला की उलट बरंच, कारण बर्फ बर्फाला धरतो. मी पैसे वाचवायला पुढचे दोनच बदलू का विचारलं, तर मेकॅनिक हसला. पुढे पकड आणि मागे नाही, म्हणजे ब्रेक मारला की गाडीची शेपटी पुढे यायला बघणार. चारही घेतले.

उंचीचं थोडं काम टायरनेच करून दिलं. कंपनीचं माप 185/60 आर15, म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर आणि टायरच्या भिंतीची उंची तिच्या 60 टक्के. मी 185/65 घेतले. टायरची भिंत 111 मिलिमीटरवरून 120 झाली, म्हणजे पोट 9 मिलिमीटर वर. करंगळीच्या जाडीएवढं नाही, पण फुकट. आधी चाक पूर्ण वळवून आत कुठे घासत नाही ना, हे त्याने बघितलं. काटा आता 100 दाखवतो तेव्हा गाडी 103 ने धावत असते, तेवढं लक्षात ठेवावं लागतं. बफरने आणखी इंचभर मिळालं असतं, पण मग पुढच्या एक्सलचे कोन बदलतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात आणि अलाइनमेंट नव्याने करावी लागते. फाटक्या कव्हरच्या जागी मात्र संप गार्ड, म्हणजे इंजिनच्या पोटाला सांभाळणारी मजबूत पाटी, बसवून घेतलं.

बाकी डिकीत एक फावडं. बांध दिसला की आधी उतरून तो फोडायचा, मग गाडी. अडकलोच तर चाक घसरलं की इंजिन दाबणारी ती यंत्रणा बटणाने बंद करून गाडी पुढे-मागे डोलवायची, आणि इंजिन चालू ठेवून बसायचं असेल तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं, नाहीतर विषारी धूर आत येतो.

या मे महिन्यात ठाण्याला आलो तेव्हा बाबांची गाडी घेऊन वागळे इस्टेटला गेलो. मिस्त्रींनी माझ्या फोनमधला टायरचा फोटो बोटांनी मोठा करून चिरा बघितल्या.

"दादा, किती मऊ असतो?"

"नख रुततं."

त्यांनी बाहेरच्या तापलेल्या डांबराकडे बघितलं. "मग इथे खोडरबरासारखा झिजेल." फोन परत दिला आणि बाबांकडे वळले. "काका, तुमचे मागचे बफर चिरलेत. नवे टाकू ना?"

"टाका," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "आमचा ब्रेकर काही वितळत नाही."