पुढे एक, मागे एक : स्कायमास्टरच्या भेटीला

मुंबई-पुणे रेल्वेने प्रवास करणाऱ्याला कर्जतचा तो हलका धक्का ओळखीचा असतो. गाडी थांबते, मागून बँकर इंजिने लागतात आणि मग पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात, तेव्हा कुठे गाडी खंडाळ्याचा घाट चढते. हीच कल्पना सेस्ना कंपनीने १९६०च्या दशकात एका छोट्या विमानात उतरवली आणि त्याला स्कायमास्टर असे नाव दिले. पिंपरीच्या एका कारखान्यात माझी पस्तीस वर्षे इंजिने थंड कशी राहतील याच विचारात गेली, त्यामुळे या विमानाबद्दल मला फार दिवसांपासून ओढ होती. गेल्या सप्टेंबरात ओहायोत मुलीकडे गेलो असताना ते जवळून पाहण्याचा आणि त्यातून उडण्याचाही योग आला.

कोलंबसहून डेटनला मोटारीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. डेटन हे राइट बंधूंचे गाव, आणि तिथल्या राइट-पॅटरसन तळावरचे अमेरिकी हवाई दलाचे संग्रहालय विनामूल्य पाहता येते. आग्नेय आशियातील युद्धाच्या दालनात अवाढव्य बी-५२ बॉम्बफेकी विमान उभे आहे, आणि त्याच दालनात स्कायमास्टरचे लष्करी रूप, म्हणजे ओ-२ए. नाकावर एक पंखा, प्रवासी कक्षाच्या पाठीमागे दुसरा, आणि त्या मागच्या पंख्याला जागा मिळावी म्हणून पंखांपासून निघून शेपटीपर्यंत गेलेले दोन सडपातळ दांडे. उजव्या दाराच्या खालच्या भागालाही काच बसवलेली आहे. १९६७ पासून व्हिएतनाममध्ये या विमानांचे वैमानिक जंगलावर कमी उंचीवरून आणि संथपणे घिरट्या घालत, लक्ष्य सापडले की त्यावर पांढऱ्या धुराचे रॉकेट सोडून खूण करत आणि मग जेट विमानांना तिकडे बोलावत. चिलखत नाही, वेग बेताचा. एका इंजिनाला गोळी लागली तर दुसऱ्यावर परत येण्याची आशा, एवढाच त्यांचा आधार होता. त्या खालच्या काचेसमोर मी बराच वेळ उभा राहिलो, कारण या विमानाचे पुढचे सारे आयुष्य त्या काचेतून दिसते असे मला वाटले.

युद्ध संपल्यावरही त्याच्याकडे खाली पाहण्याचीच कामे येत राहिली. कॅलिफोर्नियाच्या वनखात्याने अशीच निवृत्त ओ-२ए विमाने घेऊन वणव्यांवर फिरवली. पाणी आणि रसायने टाकणाऱ्या मोठ्या विमानांना कुठे टाकायचे हे वरून सांगणारा अधिकारी त्यांत बसत असे, आणि हे काम १९९०च्या दशकापर्यंत चालले. बोस्टनच्या न्यू इंग्लंड ॲक्वेरियमचे संशोधक याच जातीच्या विमानातून अटलांटिकवर उत्तर अटलांटिक राइट व्हेल शोधत. हे देवमासे आता चारशेहूनही कमी उरले आहेत, आणि डोक्यावरच्या खडबडीत चट्ट्यांच्या नक्षीवरून त्यांतला एकेक ओळखता येतो. पंख डोक्यावर असल्यामुळे खालचा समुद्र मोकळा दिसतो आणि किनारा दूर असताना दुसरे इंजिन सोबतीला असते, म्हणून या कामाला हे विमान सोयीचे.

फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतली हकिगत मात्र जीव हेलावणारी आहे. १९९१ पासून ‘ब्रदर्स टू द रेस्क्यू’ या संघटनेचे स्वयंसेवक क्यूबाहून तराफ्यांवर निघालेल्या माणसांचा शोध स्कायमास्टरमधून घेत आणि सापडल्यावर तटरक्षक दलाला कळवत. २४ फेब्रुवारी १९९६ रोजी क्यूबाच्या मिग-२९ने त्यांची दोन विमाने पाडली आणि चार माणसे गेली. त्या संघटनेच्या राजकारणाबद्दल मतभेद असू शकतात, पण अथांग पाण्यावर टायरच्या ट्यूबा बांधून तरंगणारा माणूस शोधायला उडणाऱ्या त्या छोट्या विमानाबद्दल मला आदरच वाटतो.

जावयाच्या सहकाऱ्याचे वडील सत्तरीचे आहेत आणि एका लहानशा धावपट्टीवर त्यांचे स्वतःचे ३३७ स्कायमास्टर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे पोहोचलो. ३३६ या पहिल्या नमुन्याची चाके कायम बाहेर असत आणि त्याची दोनशेच्या आतच विमाने बनली. १९६५ साली आलेल्या ३३७मध्ये चाके पोटात घेण्याची सोय झाली आणि दोन्ही इंजिने २१० अश्वशक्तीची आली. आजोबांनी मागचे इंजिन आधी सुरू केले. धावपट्टीच्या टोकाशी थांबल्यावरही त्यांनी आधी मागचाच थ्रॉटल पुढे नेला, तबकडीवरचे फेरे नीट पाहिले आणि मगच पुढच्याला हात लावला.

याचे कारण त्यांनी वर गेल्यावर समजावले. नेहमीच्या दोन इंजिनी विमानात इंजिने दोन पंखांवर असतात. एक बंद पडले की चालू इंजिन विमानाला बंद इंजिनाच्या बाजूला वळवू लागते, आणि वेग कमी असेल, पायाने रडर, म्हणजे शेपटीचे सुकाणू, दाबायला क्षणभर उशीर झाला, तर विमान उलटते. स्कायमास्टरमध्ये दोन्ही इंजिने मध्यरेषेवर असल्याने हा धोका उरत नाही. त्यांनी पुढचे इंजिन मंदावून दाखवले. आवाज बदलला, वेग उतरला, पण नाक तसूभरही वळले नाही आणि त्यांचे पाय स्थिर होते. मग पुढचे पूर्ववत करून मागचे मंदावले. तेव्हा चढण्याची ताकद अधिक खचल्याचे काटाच सांगत होता, कारण एकट्याने चढायची वेळ आली तर पुढच्यापेक्षा मागचे इंजिन हे काम अधिक चांगले करते.

पण त्या स्थिरपणातच या विमानाच्या बदलौकिकाचे मूळ आहे. मागचे इंजिन दिसत नाही, ते बंद पडले तरी विमान वळून सूचना देत नाही, आणि जमिनीवर सावकाश चालताना त्याला पुरेशी हवा मिळत नसल्याने तापायचे ते आधी तेच तापते. मागचे इंजिन बंद आहे हे न कळता वैमानिकांनी उड्डाणाला सुरुवात केली आणि धावपट्टी संपली, असे अपघात झाले. पुढे एका इंजिनावर उड्डाण सुरू करू नये अशी पाटी विमानात लावणे सक्तीचे झाले. या विमानावर परीक्षा दिलेल्या वैमानिकाच्या परवान्यावर मध्यरेषेच्या इंजिनांपुरती मर्यादा पडते, म्हणून पुष्कळ वैमानिक याला खरे दोन इंजिनी विमान मानतच नाहीत. हे मला अन्यायाचे वाटते. सगळ्यांत घातक दोष काढून टाकताना दुसरा, सावधपणे टाळता येण्याजोगा दोष उरला, आणि तो टाळण्याची रीत आजोबांच्या हातात मला त्या सकाळी दिसली.

गोंगाट मात्र खरोखर फार. पुढच्या पंख्याने आणि धडाने ढवळलेली हवा मागचा पंखा कापतो, त्यामुळे एक जाडसर, थरथरता घोष सतत पाठीत जाणवत राहतो. खाली मक्याची शेते पिवळी पडू लागली होती, आणि पंखाची आडकाठी नसल्यामुळे बांधाबांधावरची झाडे मोजता येत होती.

उतरल्यावर इंजिने लगेच बंद न करता आजोबांनी विमान वाऱ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभे केले. मग एक जुनी वही काढली. प्रत्येक उड्डाणानंतर मागच्या इंजिनाच्या सिलिंडरचे तापमान ते तिच्यात लिहून ठेवतात, आणि अशा कितीतरी वह्या त्यांच्या कपाटात आहेत. त्या दिवसाची नोंद त्यांनी मला करायला सांगितली. मी आकडा लिहिला, खाली तारीख घातली आणि त्यांनी आग्रह केला म्हणून सही देवनागरीत केली.