मालवणचा बांगडा पुण्याला पोचवताना

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दादाने आबांना पुण्याला नेलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "जेवाण जात नाय गो. हय बांगडो गावता, पण शिळो." त्याच संध्याकाळी मी बंदरावर गेले, दोन किलो बांगडे घेतले आणि रात्रीच्या बसने पाठवून दिले.

सकाळी दादाने थर्माकोलचा खोका उघडला तेव्हा तळाशी चार बोटं पाणी होतं आणि त्यात बांगडे तरंगत होते. पोटं फुटलेली, डोळे पांढरे. मी बर्फाची एक अख्खी लादी टाकली होती आणि शेजारी पाण्याच्या दोन गोठवलेल्या बाटल्या. मासे न कापता तसेच भरले होते. पाणी गळून दुसऱ्याची बॅग भिजली ती वेगळीच. "वास फारसा नाही, तळून बघू का?" असं दादाने विचारलं. मी साफ नको म्हटलं. बांगडा आणि सुरमई एकाच कुळातले. गारवा सुटला की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतं. आजारी माणसाला असला मासा द्यायचाच नाही.

बंदरावर ज्यांच्याकडून नेहमी मासे घेते त्या काकींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाय, अख्खो बर्फ घालू नको गो, फोडून घाल. आणि नुस्तां पाण्यात बुडलां तर चव गेली समज." नुस्तां म्हणजे मासे. चूक तिथेच होती. लादीला मासा एका बाजूनेच टेकतो, उरलेल्या बाजूंना नुसती हवा. चुरा मात्र चहूकडून लागतो. एक किलो बर्फ वितळताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो, म्हणून ती उष्णता माशातून निघायला हवी, खोक्यातल्या हवेतून नव्हे.

दुसऱ्या वेळी लिलाव संपता संपता मासे घेतले, कारण बस रात्री आठची. कल्ले आणि आतडी काढून घेतली, कारण नासायला सुरुवात तिथूनच होते. डोकं ठेवलं, आबांना लागतं. मासे गार पाण्यातून काढून फडक्याने टिपले, चार-चार बांगडे जाड पिशवीत घातले आणि हवा दाबून काढून तोंड घट्ट बांधलं. बाजारात खोक्याला भोक पाडून पाणी बाहेर सोडतात. बसमध्ये ते चालत नाही, म्हणून मासा पिशवीत आणि बर्फ बाहेर. लादी गोणपाटात घालून मुसळाने फोडली. तळाला वर्तमानपत्रांचा जाड थर, त्यावर बर्फ, मग पिशव्या, पुन्हा बर्फ, अशा थरांनी खोका काठोकाठ भरला. दोन किलो माशाला तीन किलो बर्फ लागला. रिकामी जागा ठेवली की मासे आत हलतात आणि बर्फही लवकर संपतो. झाकणाच्या सांध्यावर चिकटपट्टीचे दोन फेरे मारले, अख्खा खोका पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि वर दादाचा फोन नंबर ठळक लिहिला. ड्रायव्हरला भेटून खोका इंजिनापासून लांबच्या डिकीत ठेवायला सांगितलं. मागचा प्रकार त्यांना आठवत होता. त्यांनी खोका उलटसुलट करून पाहिला, मगच घेतला.

पहाटे वाकडला उतरवून घेतल्यावर दादाने खोका उघडायच्या आधी मला व्हिडिओ कॉल लावला. निम्मा बर्फ अजून शाबूत होता. बर्फ शिल्लक आहे म्हणजे आत शून्याच्या आसपास गारवा आहे, हे मला तेवढ्यावरूनच कळलं. त्याने एका बांगड्यावर बोट दाबलं, खड्डा लगेच भरून आला. डोळे काळेभोर होते.

दुपारी वहिनीने तिखलं केलं. तिरफळं मी वेगळ्या पुडीत दिली होती. आबा दोन वेळा भात घेऊन जेवले.

मे संपेपर्यंत आणखी तीन खोके गेले. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा सुके बांगडे पाठवले. आता आबा चालायला लागलेत. नारळी पौर्णिमेला घरी यायचं म्हणतात.