मोशीतला फ्लॅट, होम लोन आणि त्यातले सगळे शब्द – माझा अनुभव

मागच्या वर्षी आम्ही पुण्याजवळ मोशीत टू बीएचके बुक केला, बिल्डिंग तेव्हा बांधकामात होती. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर, लोनमध्ये नवरा को-ॲप्लिकंट. आता घर बघणाऱ्या मैत्रिणी सारखं विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. बिल्डरच्या ऑफिसात आणि बँकेत जे शब्द भराभर बोलून टाकतात ना, त्या जवळपास प्रत्येक शब्दामागे पैसे असतात, म्हणून मी प्रत्येक टेबलावर एकच विचारत गेले, यात माझे किती जाणार आणि कधी जाणार.

आधी एरिया. सेल्सवाला म्हणाला साडेआठशे स्क्वेअर फूट. तो सेलेबल, म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा धरून. कार्पेट विचारला तर 610. कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या नाही, आणि बाल्कनी वेगळी मोजतात. रेरा, म्हणजे बिल्डर आणि घर घेणारे यांच्यातल्या व्यवहाराचा कायदा, त्यात ही व्याख्या दिलेली आहे, ॲग्रीमेंटमध्येही कार्पेटच लिहितात. फ्लॅटची किंमत 48 लाख. तिला 610 ने भागलं की दर आठ हजारांच्या जवळ जातो, साडेआठशेने भागलं तर साडेपाच हजारांच्या थोडा वर. दोन प्रोजेक्ट कंपेअर करताना फक्त कार्पेटचा दर घ्या, बाकी सगळं बाजूला ठेवा.

मग तो म्हणाला 20 टक्के भरा, ॲग्रीमेंट नंतर करू. मी स्पष्ट नाही म्हटलं. रजिस्टर्ड ॲग्रीमेंट होईपर्यंत बिल्डरला 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, रेराचं कलम 13. मोबाईलवर कलम दाखवलं आणि विषय संपला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ओन कॉन्ट्रिब्यूशन, म्हणजे आपल्या खिशातून भरायचे पैसे. याला मार्जिन पण म्हणतात. लोक धरून चालतात की बँक 80 टक्के देते म्हणजे आपल्याला 20 टक्के जमवायचेत. तसं नाहीये. आरबीआयच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांना 80 आणि त्याच्या वर 75 टक्के एवढीच मर्यादा आहे, आणि ही किंमत धरताना स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन मोजत नाहीत. आमच्या बँकेने जीएसटीही धरला नाही. म्हणजे लोन 38 लाख 40 हजार, आमचे 9 लाख 60 हजार, वर जीएसटी 5 टक्के म्हणजे 2 लाख 40 हजार, स्टॅम्प ड्युटी 2 लाख 88 हजार आणि रजिस्ट्रेशन 30 हजार. झाले 15 लाख 18 हजार! हा आकडा बुकिंगच्या आधी कागदावर मांडला म्हणून आम्ही एफडी कधी मोडायची, सासऱ्यांकडून किती घ्यायचे हे शांतपणे ठरवू शकलो. (45 लाखांच्या आत असता तर पुण्यात 90 चौरस मीटर कार्पेटपर्यंत जीएसटी 1 टक्काच आहे, आणि कम्प्लिशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेल्या रेडी फ्लॅटला लागतच नाही.)

स्टॅम्प ड्युटी आमच्याकडे 7 टक्के, पण खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर 1 टक्का सूट, म्हणून माझं एकटीचं नाव. 48 हजार वाचले. मात्र नवरा मालक नसल्यामुळे त्याला व्याजाची टॅक्समधली वजावट घेता येत नाही, हा हिशोब आपापल्या पगाराप्रमाणे करून बघा. आणि ड्युटी ॲग्रीमेंटची किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दराने येणारी) किंमत यातली जी जास्त असेल तिच्यावर लागते.

कागदांच्या बाबतीत माझे मामा उपयोगी पडले, तलाठी ऑफिसातून रिटायर झालेत. म्हणाले, "सातबाऱ्यावर इतर हक्कात काय लिहिलंय ते आधी बघ गं." तिथे बोजा, म्हणजे कर्जाची नोंद होती. बिल्डरने प्रोजेक्टसाठी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलेलं, म्हणजे आमचा फ्लॅट आम्ही घ्यायच्या आधीच गहाण! हे कॉमन आहे, घाबरायचं नाही, पण त्या कंपनीची आपल्या फ्लॅट नंबरची एनओसी (ना-हरकत पत्र) हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही. महारेराच्या (राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या) साईटवरही प्रोजेक्टवरचा बोजा दिसतो. वकिलाचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्टही (जागेच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) बघितला, बँक करून घेते तरी आपली कॉपी मागायची.

सँक्शन लेटर आणि डिसबर्समेंट एक नाही. सँक्शन म्हणजे मंजुरी, पैसे सुटतात स्लॅबप्रमाणे, म्हणजे बांधकाम पुढे जाईल तसे, बिल्डरचं पैसे मागणारं डिमांड लेटर आलं की. तोपर्यंत प्री-ईएमआय, म्हणजे जेवढे सुटले तेवढ्याचंच व्याज. आमचे 12 लाख सुटले होते तेव्हा साडेआठ टक्क्यांनी महिन्याला 8,500. यातून मुद्दल एक रुपयाने कमी होत नाही आणि सोबत घरभाडं चालूच. पूर्ण ईएमआय 20 वर्षांसाठी 33,324 बसतो, त्यात पहिल्या महिन्यात 27,200 व्याज आणि मुद्दल फक्त 6,124. रेट असाच राहिला तर एकूण व्याज साडेएक्केचाळीस लाखांच्या वर जातं. हे वाचून मला दोन रात्री झोप लागली नव्हती, खरंच. पण फ्लोटिंग (बदलत्या दराच्या) लोनला प्रीपेमेंट चार्ज, म्हणजे मुदतीआधी पैसे भरण्याचा दंड नाही, म्हणून बोनस आला की थेट मुद्दलात टाकायचा असं ठरवलंय, सुरुवातीच्या वर्षांत टाकलेल्या पैशाचा फरक सगळ्यात मोठा पडतो.

फ्लोटिंग म्हणजे रेपो (आरबीआय बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक बँकेचा स्प्रेड, म्हणजे त्यावर बँक लावते ते जास्तीचे टक्के. रेपो बदलला की रेट बदलतो, आणि बँका बहुतेक वेळा ईएमआय तोच ठेवून मुदत कमीजास्त करतात, म्हणून स्टेटमेंटमध्ये किती हप्ते उरलेत ते बघत जा. बँकेतल्या मॅडम लोनसोबत इन्शुरन्स लागतोच म्हणत होत्या. लेखी मागितल्यावर कम्पल्सरी नाही म्हणाल्या. आम्ही टर्म प्लॅन बाहेरून घेतला.

गहाण ठेवल्याच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत नोटीस ऑफ इंटिमेशन फाइल करावी लागते, म्हणजे ओरिजिनल ॲग्रीमेंट बँकेकडे गहाण ठेवल्याची सरकारदरबारी नोंद. आणि ओरिजिनल देताना बँकेकडून एलओडी, म्हणजे कुठले कुठले कागद त्यांनी घेतले त्याची सही-शिक्क्याची यादी, तिथेच मागून घ्या. लोन फिटल्यावर बँकेला 30 दिवसांत ते सगळे कागद परत द्यावे लागतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, आरबीआयचा 2023 चा नियम आहे. ती यादी हातात नसेल तर कुठला कागद राहिला हे सांगणार कसं? आमची मी ड्राइव्हवर टाकलीये आणि एक प्रत मामांकडे दिलीये.