चीक, हयातीचा दाखला आणि फोडणीची पोळी

सोमवार

नोव्हेंबर लागला की फराळाचे रिकामे डबे घासायला निघतात आणि आईच्या हयातीच्या दाखल्याची आठवण होते. बाबांच्या मागे तिला निवृत्तिवेतन मिळतं. ते चालू राहावं म्हणून दरवर्षी या महिन्यात आपण हयात असल्याचं कळवावं लागतं. ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, पण आईला त्याला अजून अवकाश आहे. बाबा होते तेव्हा ते स्वतःचा दाखला द्यायला पायी बँकेत जायचे. खिडकीवर सही करायची, ओळखीच्या दोन-चार माणसांची विचारपूस करायची आणि येताना भाजी घेऊन यायचं. २०१४ पासून हा दाखला डिजिटल झाला. घरबसल्या होतो, हे खरंच सोयीचं आहे, विशेषतः अंथरुणावर असलेल्यांसाठी.

पण आज दाखल्यासाठी सेवा केंद्रात गेलो, तर आईची बोटं ठसे घेणाऱ्या यंत्राला कळेनात. केंद्रातला मुलगा अगदी सालस होता. "आजी, जरा हात पुसा. आता दाबा. आता दुसरं बोट." त्याने ओल्या फडक्याने काच पुसली, आईने पदराने बोटं पुसली, उजवा अंगठा झाला, डावा झाला, मधली बोटं झाली. दर वेळी लाल दिवा. वय झालं की कातडी कोरडी आणि सैल पडते, ठशांच्या रेषा पुसट होतात. शिवाय जन्मभर राख लावून भांडी घासलेली, भाकऱ्या थापलेली बोटं ती. त्यांच्या रेषा राहणार तरी किती? मागे रांग वाढायला लागली तशी आई कावरीबावरी झाली आणि रांगेतल्या लोकांकडे वळून, चूक तिचीच असल्यासारखं, "तुमचा खोळंबा होतोय हो," म्हणाली.

रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बोटं माझीच, आणि मी मी नाही म्हणे."

मला ते फार लागलं. पंचाहत्तरी उलटलेल्या बाईला ती तीच आहे हे काचेवर बोट दाबून सिद्ध करायला लावायचं आणि ते जमलं नाही की 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच दाखवायचं, याचा मला राग येतो. यंत्र चुकलं तर निर्णय घेऊ शकेल असा एक माणूस प्रत्येक ठिकाणी असायलाच हवा. तो मुलगा होता, पण त्याच्या हातात काहीच नव्हतं.

मंगळवार

फोनने दिवसभर छळलं. जागा भरली, जागा भरली. नातेवाइकांच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे फुलांचे फोटो पुसत बसले. हे काम रोज केर काढण्यासारखं झालंय. संध्याकाळी धाकट्या मावशीला निरोप पाठवायचा होता, तर बोलून टाइप करायला गेले आणि 'वेलदोडा'चं 'वेळ थोडा' झालं. तीन ओळींचा निरोप दुरुस्त करण्यात चहा गार झाला. शेवटी फोनच लावला. मावशीचा आवाज ऐकून बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

गुरुवार

सकाळी दूध घालणाऱ्या काकांनी दुधाबरोबर झाकण लावलेली छोटी बरणी हातात दिली. "म्हस व्यायली काल. पहिल्या दिवसाचा हाय, वहिनी." बरणीत पिवळसर, दाट, जवळजवळ तेलासारखा ओघळणारा चीक! मी आतूनच आईला हाक मारली. आई बाहेर आली आणि बरणीकडे बघायच्या आधी तिने विचारलं, "रेडकाचं पोट भरलं ना रे?"

हा प्रश्न आजीचा. आजोळी गोठा होता आणि वासरू पोटभर प्यायल्याशिवाय आजी चिकाला हात लावू द्यायची नाही. आम्ही मुलं खरवसासाठी अगदी ताटकळून जायचो, तरी नाही. पुढे कळलं की आजीचा नियम शास्त्राला धरून होता. गाई-म्हशींची पिलं जन्मतात तेव्हा त्यांच्या रक्तात रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं जवळपास नसतात, कारण वारेतून ती पिलापर्यंत पोचतच नाहीत. ती चिकातून मिळतात, आणि पिलाचं आतडं ती जेमतेम पहिले २४ तास जशीच्या तशी शोषून घेऊ शकतं. त्यातलेही पहिले काही तासच सर्वांत मोलाचे. एकदा ती वेळ गेली की नंतर कितीही दूध पाजलं तरी भरपाई होत नाही. आजी शाळेची पायरी चढली नव्हती. तिने हे गोठ्यात बघून, एखादं वासरू दगावताना बघून जाणलं असणार.

काका म्हणाले, "भरलं, आजी. पिऊन झोपलंय." मग आईने बरणी घेतली.

साधं दूध तापवलं की उतू जातं, पण थिजत नाही. चीक मात्र अंड्याच्या पांढऱ्यासारखा आच लागताच धरतो, कारण त्यात उष्णतेने घट्ट होणारी प्रथिनं साध्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतात. दोन-चार दिवसांत म्हशीचं दूध नेहमीसारखं होतं आणि हा गुण जातो. म्हणून पहिल्या दिवसाच्या चिकात दूध जास्त घालायचं, तिसऱ्या दिवसाच्या चिकात अगदी बेताचं. किती, याचं उत्तर कुठल्याही पाककृतीत मिळणार नाही, कारण प्रत्येक म्हशीचा चीक वेगळा असतो.

आई काय करते ते आज मी मुद्दाम शेजारी उभी राहून पाहिलं. चिकात तितकंच दूध घातलं, गूळ किसून विरघळवला आणि ते सगळं गाळून घेतलं, कारण गुळात बारीक खडे असतात. मग मोठं भांडं न लावता त्यातलं चमचाभर एका वाटीत घेऊन आधी ती वाटीच वाफवली. पाच-सात मिनिटांनी बाहेर काढून बोटाने दाबली. रबरासारखी लागली. "घट्ट होतंय," म्हणत तिने आणखी दूध घातलं, पुन्हा वाटी. आता दाबल्यावर बोट जरासं आत गेलं आणि वर आलं. "हां." मग वेलदोडा, जायफळ, वर चार काड्या केशर, आणि कुकरला शिट्टी न लावता मंद आचेवर. आच मोठी झाली की खरवसाला जाळी पडते आणि पाणी सुटतं, हे ती दोनदा बजावून गेली.

बंगळूरला असलेल्या माझ्या लेकाचा नेमका तेव्हाच व्हिडिओ कॉल आला. "आजी, दाखव ना!" आईने फोन कुकरवर धरला, वाफेने काच धुकट झाली, आणि मग बराच वेळ त्याला आमच्या स्वयंपाकघराचं छतच दिसत होतं. तरी तो हटला नाही. "आजी, वास सांग कसा येतोय." आई खरंच सांगायला लागली: आधी गुळाचा, मग जायफळाचा, आणि मागून तो चिकाचा स्वतःचा थोडा उग्र वास. सांगता सांगता ती आजोळच्या गोठ्यात जाऊन पोचली. पितळी डब्यातला खरवस, पळसाच्या पानावरची वडी, मोठ्या मामाने चोरून खाल्लेली खरवड. मीसुद्धा यातलं अर्धं पहिल्यांदाच ऐकत होते. रेंज जात-येत होती, तरी तो अर्धा तास मला हवा तेवढा लांबला नाही.

दुधाची पावडर आणि दही घालून केलेला खरवस मिळतो, तो गोड लागतो, वाईट नसतो. पण तोंडात विरघळताना दाताला जी किंचित करकर लागते ती त्यात नाही.

काकांची बरणी रिकामी परत द्यायची नाही. त्यात तांदूळ भरून ठेवलेत.

शुक्रवार

दाखला झाला! २०२१ पासून चेहरा दाखवूनही तो देता येतो, हे त्या केंद्रातल्या मुलानेच जाता जाता सांगितलं होतं. घरी फोनवर करायला बसलो. आधी उजेड कमी, मग चष्म्यावर चकाकी, मग पापण्या मिटा-उघडा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईच्या पापण्या जरा जडच उघडतात. शेवटी तिला ओट्याजवळच्या खिडकीत, ती रोज धान्य निवडायला बसते तिथे, स्टुलावर बसवलं. सकाळचं ऊन सरळ तोंडावर. तिथे एकदाचं झालं. मेसेज आल्यावर तिने तो मला मोठ्याने वाचायला लावला आणि देवापुढे साखर ठेवली.

रविवार

लेकाच्या खोलीवर चार मुलं आणि एक इंडक्शनची शेगडी. काल रात्रीच्या पोळ्या उरल्या म्हणून त्याने सकाळी फोडणीची पोळी करायला घेतली. लहानपणी रविवारी त्याला तीच लागायची, पोहे केले तर तोंड वाकडं व्हायचं. कृती मी निरोपात लिहून पाठवली. पोळ्या हातानेच कुस्कर, मिक्सरमध्ये पार भुगा होतो. मोहरी नीट तडतडू दे, मग हिंग, कढीपत्ता, मिरची, शेंगदाणे. कांदा पारदर्शक झाला की हळद, मग कुस्करा, मीठ, चिमूटभर साखर.

तासाभराने ताटलीचा फोटो आला. पिवळीधमक, वर कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. मला तर डोळे भरूनच आले, कारण या मुलाला वर्षभरापूर्वी गॅस पेटवता येत नव्हता. मी आईला फोटो दाखवला. तिने चष्मा चढवला, फोन हातभर लांब धरला, मग जवळ आणला, आणि पोळीच्या कडेच्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "पाण्याचा हबका मारला नाही त्याने. कोरडी राहिलीये बघ. आणि झाकणही ठेवलं नसेल."

मी त्याला तसं विचारलं. पलीकडून लगेच उत्तर आलं: "आजीला कसं कळलं??"

"सांग त्याला," आई म्हणाली, "अजून कढईत असेल तर आत्ता हबका मार आणि दोन मिनिटं वाफ येऊ दे. खाऊन संपवू नकोस म्हणावं तशीच."