ताई, बाहेर थांबा

रविवार, रात्रीचे पावणेबारा.

पीजी प्रवेशासाठी पसंतीक्रम भरायचं, म्हणजे चॉइस फिलिंगचं, पान दुपारपासून उघडं आहे. लॉक केलेलं नाही. मन अजून कालच्या त्या वॉर्डाच्या दारातच घुटमळतंय.

सरांनी मला ओळखलं नाही. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, उद्या तिथेच सीट मिळाली म्हणजे? 'ताई, नातेवाईक बाहेर थांबा, राउंड चालू आहे.' मी 'सर, मी...' म्हणेपर्यंत ते पुढच्या खाटेवर.

याच माणसाने इंटर्नशिपमध्ये मला एबीजी, म्हणजे तपासणीसाठी धमनीतून रक्त काढणं, शिकवलं. माझी बोटं पेशंटच्या मनगटावर ठेवून म्हणाले होते, 'सुई नंतर, आधी नाडी ऐक.' तीनदा चुकले. चौथ्यांदा रक्त आपसूक सिरिंजमध्ये चढलं तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त खूश. मेडिसिनच करायचं हे त्या दिवशी ठरलं. आणि काल, ताई.

एप्रन नव्हता, ओढणी होती, हातात डब्याची पिशवी. दिसले असेन नातेवाईकासारखी. पण चेहरा? चौदा नंबरच्या खाटेचं पोटॅशियम परवा किती, काल किती, हे त्यांना तोंडपाठ. मी मात्र पुसले गेले. इतकी का विसरण्यासारखी आहे मी?

बाबांचं रेडिओलॉजीचं पुन्हा सुरू झालंय. जाऊ दे.

एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या प्रवेश समितीच्या, यादीत एमडी आणि डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी) एकाखाली एक दिसतात, जणू फरक फक्त नावाचा. तीन वर्षं दोन्हीकडे. ससूनला पेशंट इतके की पुस्तकातलं सगळं वॉर्डात भेटेल, वर वर्षभर सरकारी सेवेचा बाँड. केईएम किंवा दीनानाथला डीएनबी केलं तर कन्सल्टंट शेजारी उभे राहून शिकवतील, पण पेशंट त्यांचा, आणि शेवटी फायनल परीक्षेची धास्ती. (आपलं केईएम, रास्ता पेठेतलं. मुंबईच्या आत्याला हे दर वेळी सांगावं लागतं.) आत्याचा एकच प्रश्न, 'घरून येऊन-जाऊन जमेल ना?' निवासी डॉक्टर या शब्दातला निवासी तिला कोण समजावणार!

1992 च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला 48 तास, सलग 12 पेक्षा जास्त नाही, असं लिहिलंय. काल सरांचा कितवा तास चालू होता कोण जाणे. दाढी दोन दिवसांची तरी होती. म्हणजे ते मला विसरले नसतील, त्यांना फक्त कुणी दिसतच नसेल. हे जास्त वाईट की कमी, ते ठरत नाहीये.

जेवताना आईला सांगितलं, रडवेलं तोंड करून. ती भाजी वाढता वाढता म्हणाली, 'तू नाइट करून आलीस तेव्हा मला काय म्हणाली होतीस आठवतंय? मावशी, जरा पाणी देता का?'

आठवत नाही. पण म्हटलं असणार. अहोजाहो तरी केलं होतं!

डब्यातल्या गुळाच्या पोळ्या मीच संपवल्या. पहिल्या दोन ओळी आज चारदा वर-खाली केल्यात, आत्ता ते हॉस्पिटल दुसऱ्यावर आहे. सरांना मेसेज टाकला, 'सर, काल दारातली ताई मीच.' अजून एकच टिक आहे. इमर्जन्सी असेल त्यांची.