कानांचं वाळवण

आमच्याकडे मे महिन्यात, पावसात जे जे नासणार ते ते उन्हात पडतं. खळ्यात चटईवर आमसुलं, सुपात आंबोशी, ताटांना थापलेली फणसाची साठं, आणि मांजराची उडी पोचणार नाही अशा उंचीवर दोरीला सुके बांगडे. मिरग लागायच्या आत सगळं बरण्यांत जातं आणि बरण्या माजघरातल्या फळीवर. चार वर्षांपूर्वी त्या फळीवर एक नवा डबा आला. फिरकीचं झाकण, तळाशी केशरी मणी, मण्यांवर जाळी आणि जाळीवर रात्रभर झोपणारे माझे दोन कान. थोरल्या जाऊबाईंनी एकदा मिठाचा समजून तो उघडला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "गो, आता कान पण सुकत घालतंस?"

घालते. काय करणार? समुद्र हाकेच्या अंतरावर, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेल्या दिवसांत घाम. माझं ऐकण्याचं यंत्र कानामागे बसतं. तिथून एक पारदर्शक नळी कानातल्या साच्यात येते. त्या नळीत बाष्पाचा एवढासा थेंब अडकला की आवाज बंद. सुरुवातीला मला वाटायचं यंत्र बिघडलं. आता साचा काढते, नळीत छोट्या रबरी फुग्याने फुंकर मारते आणि थेंब उडवून लावते. आयुष्यभर चुलीत फुंकर घातली, आता कानात.

डब्यातले मणी ओल प्यायले की हिरवट पडतात. ते तापवून पुन्हा कोरडे करता येतात, पण भाकरीच्या तव्यावर नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या घरात कधी कोणाच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. सेलची तर वेगळीच तऱ्हा. हे सेल हवेवर चालतात. पाठीवरचा स्टिकर सोलला की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि जस्त कामाला लागतं. म्हणून सोलल्यावर मिनिटभर थांबायचं आणि मगच बसवायचं. एकदा सोलला की यंत्र बंद ठेवा नाहीतर चालू, तो आपला संपतच जाणार. माझ्या मापाच्या सेलचा स्टिकर नारिंगी असतो. त्याला दमट हवा सोसत नाही आणि कोरड्या डब्यातही तो सुकून लवकर मरतो. म्हणून रात्री यंत्र डब्यात आणि सेल बाहेर वाटीत. घरात एक हट्टी मूल कमी होतं म्हणून हे.

मी प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. शेवटच्या काही वर्षांत मला मुलांचा राग यायचा. पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात, पाढे गिळतात, असं मी मुख्याध्यापकांना सांगायचे. पोरं व्यवस्थित बोलत होती. वयाबरोबर जाणारं ऐकू येणं वरच्या पट्टीकडून जातं. मुलांचे, बायकांचे आवाज आधी. आणि अक्षरांतली स, श, त, फ ही हवेची अक्षरं. आ, ई, ऊ शाबूत राहतात. म्हणजे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय ते कळत नाही. मासळीबाजारात वाटा केवढ्याला म्हणून विचारलं तर मासेवाली म्हणाली, "साठाक." मी ऐकलं आठाक. दोन वाटे उचलले आणि वीसची नोट पुढे केली. पुढचं तिने जे ऐकवलं त्यातलं एकही अक्षर गळलं नाही.

मग तपासणी. बंद खोली, कानांवर टोप्या, पीं ऐकू आलं की बटण दाबायचं. कागदावर उजव्या कानाचे लाल गोळे, डाव्याच्या निळ्या फुल्या. दोन्ही रेघा डावीकडे सपाटीवरून निघाल्या आणि उजवीकडे धाडकन खाली. यांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "हा तर आपला करूळ घाट." यांनी उभी नोकरी एसटीत काढली. यांना प्रत्येक कागदात घाट दिसतो, पण त्या दिवशी बरोबर होतं.

यंत्र बसवून घरी आल्यावर सगळ्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला, आता नीट ऐकू येतं ना? येत होतं, नको तेवढं. पापड मोडला की कौलं फुटल्यासारखं वाटायचं. फ्रिज गुरगुरतो हे मला ठाऊकच नव्हतं. स्वतःच्या चपलांना दचकून मी दोनदा मागे वळून पाहिलं. डोक्याला सवय व्हायला काही आठवडे जातात, असं सांगितलं होतं, ते गेले. पण त्याच पहिल्या संध्याकाळी पडवीत बसले होते तर माडांच्या बाजूने सारखं काहीतरी किर्र वाजत होतं. मी यांना विचारलं, पंपाची मोटर चालू राहिली का? रातकिडे होते. किती वर्षांपूर्वी ते माझ्यापुरते गप्प झाले देव जाणे. माणूस ऐकू येईनासा झाला की बोंब होते. रातकिडा गेला तर कोण विचारतं? मला स्वतःलाही पत्ता नव्हता.

नातू पुण्याला असतो. तो येऊन गळ्यात पडला की त्याचा गाल यंत्राला लागतो आणि यंत्र शिट्टी मारतं. बाहेर पडलेला आवाज परत माइकमध्ये शिरतो, म्हणून. नातू म्हणतो, "आजी, तुझा कुकर झाला." त्याच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, कौतुकाने आणखी दोन वस्तू पाठवल्या. एक, दारावरची बेल वाजली की स्वयंपाकघरात लखलखणारा दिवा. वस्तू चांगली, पण आमच्या गावात बेल दाबतं कोण? माणूस बेड्यापासूनच, म्हणजे कुंपणाच्या फाटकापासूनच, हाक घालत येतो, "बाई, आसास काय?" आणि उत्तर आलं नाही तर मागल्या दाराने थेट चुलीपर्यंत. वर्षभरात तो दिवा पेटला तो कुरिअरवाल्यांसाठी. एकदा पेटला तेव्हा जाऊबाई वीज पडली म्हणून कान झाकून बसल्या. दुसरी वस्तू उशीखाली ठेवायचं थरथरणारं घड्याळ. ते मात्र नामी आहे. पहाटे पाचला अख्खा पलंग हलतो. हे उठतात. मग हे मला उठवतात.

बोललेलं लिहून दाखवणारं एक ॲप नातवाने फोनमध्ये घालून दिलं. मराठी येतं त्याला. गेल्या जत्रेला मी ते घेऊन दशावताराला बसले. या नाटकाचे संवाद कुठे लिहिलेले नसतात. नट रंगपटात कथा ठरवतात आणि उभे राहून मनचं बोलतात, त्यामुळे ज्याचं ऐकणं चुकलं त्याला आधार कसलाच नाही. मृदंग आणि झांजा सुरू झाल्या की मी यंत्राचा आवाज खाली करते, आणि मग बोलणंही खाली जातं. या वेळी फोन मांडीवर उभा धरला. राजा प्रवेश करून गरजला, "प्रधानजी, आज आमचे अंतःकरण उद्विग्न झाले आहे," आणि ते जसंच्या तसं, विसर्गासकट शिस्तीत उमटलं. मी थक्क. राजाचं बोलणं पुस्तकी मराठीत असतं, फोनचंही शिक्षण त्याच शाळेतलं. मग विनोदी पात्र मालवणी बोलत आलं. "माका काय म्हायत?" देऊळ हसलं. फोनवर आलं : मका काय महाग. पुढची दहा मिनिटं मका, खाई, वायफाय असं काहीबाही येत राहिलं. लोक पोट धरून हसत होते आणि मी मक्याचा भाव वाचत होते. शेजारच्या पोरीने ते पाहिलं. तिने फोन बाजूला केला, माझ्यासमोर तोंड आणलं आणि प्रत्येक वाक्य ओठ हलवून, हावभावांसकट पुन्हा करून दाखवलं. नाटकाहून ती बरी होती.

रात्री नऊ-साडेनऊला मी यंत्रं काढते. रुमालाने पुसते, सेल वाटीत, झाकण फिरवते. झाकण फिरलं की या घरातली भांडणं स्थगित, हे यांनाही मान्य आहे. पावसाळ्यात तर त्यात सुख आहे. पत्र्यावर धो धो कोसळत असतो आणि मला तो लांबच्या गाजेएवढाच. परवा असंच अंथरुणावर पडले, डोळा लागत होता, तोच दिवा दोनदा लागला-विझला. हे तातडीचं काही असलं की करतात. मी घाबरून उठले, अंधारात फळी चाचपली, आमसुलांची बरणी बाजूला केली, डबा उघडला, वाटीतून सेल शोधला, कानात अडकवलं. "काय झालं?"

"दूध झाकलंस ना?" हे म्हणाले.